धागा: आयसी-७०५ ला बाहेरचा अ‍ॅम्प्लिफायर जोडताना (५ वॉटचे ५० वॉट करायचे आहेत)

गडवाटा

नमस्कार मंडळी,

दीड वर्षापूर्वी हॅम (हौशी) रेडिओची व्हीयू३ कॉलसाइन, म्हणजे हवेतलं ओळखनाव, मिळाली. तेव्हापासून आयकॉमचा आयसी-७०५ रेडिओ पाठीवर घेऊन महिन्यातून एक-दोनदा गडावर जातो. सोबत कॉइलवाली टेलिस्कोपिक व्हिप (उभी सळईसारखी अँटेना), रेडिओची स्वतःची बॅटरी आणि पाण्याच्या दोन बाटल्या. बँड बहुतेक वेळा ४० मीटर (७ मेगाहर्ट्झ), एसएसबी (आवाजाने बोलायची पद्धत).

अडचण अशी की पुणे, नाशिक, कोल्हापूरची स्टेशनं मला ५-७ ने (स्पष्टता ५, ताकद ७) ऐकू येतात, पण मी हाक मारली की पलीकडून "कोणीतरी आहे, कॉलसाइन कळत नाही" एवढंच येतं. चार-चार तास चढून गेल्यावर हे ऐकलं की फार हळहळ वाटते.

आता एका ओळखीच्यांकडून वापरलेला ५० वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर मिळाला आहे. आत दोन मॉस्फेट (पॉवर ट्रान्झिस्टर) पुश-पुल, म्हणजे आळीपाळीने काम करणारे, आहेत, समोर ४० आणि २० मीटरचा फिल्टर निवडायचा स्विच आहे, इनपुटच्या सॉकेटवर "५ वॉट" लिहिलंय. मागे पीटीटीचा (बोलायचं बटण दाबल्याची खूण घेणारा) आरसीए सॉकेट आहे. कागदपत्र काहीच नाही. हा माझ्या ७०५ ला थेट लावू का? बॅटरी केवढी लागेल? आधी काय तपासू? घाई नाही, नीट समजून घेऊनच जोडायचं आहे.

मीटरबँड

गडवाटा, लावायच्या आधी विचारलंस हे फार बरं केलंस. मी विचारलं नव्हतं, म्हणून माझा अनुभव सविस्तर सांगतो.

माझ्याकडेही ७०५ आहे आणि तसाच एक पेटी-अ‍ॅम्प होता. घरी टेबलावर रेडिओ स्वतःच्या बॅटरीवर, अ‍ॅम्प वेगळ्या पॉवर सप्लायवर. रेडिओची पॉवर पूर्ण. डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारे रेझिस्टर) छान ४५ वॉट दिसले, समाधान झालं. पुढच्या रविवारी डोंगरावर एकच मोठी बॅटरी नेली आणि वजन वाचवायला तिच्यातूनच रेडिओलाही वायर दिली. पहिल्याच हाकेला अ‍ॅम्पचा करंट मीटर टोकाला गेला, जळका वास आला आणि संपलं.

कारण मला घरी येऊन उमगलं. ७०५ आपल्या बॅटरीवर जास्तीत जास्त ५ वॉट देतो. बाहेरून १३.८ व्होल्ट दिले की तोच रेडिओ १० वॉट देतो. मी रेडिओवरच्या एकाही बटणाला हात लावला नव्हता, फक्त वायर जोडली होती. ५० ओहमवर ५ वॉट म्हणजे शिखराला सुमारे २२ व्होल्ट, १० वॉट म्हणजे ३१ च्या पुढे. मॉस्फेटच्या गेटचा थर अतिशय पातळ असतो. आयआरएफ५३० सारख्या साध्या मॉस्फेटला गेट-सोर्समध्ये २० व्होल्टच्या वर सहन होत नाही. मधला ट्रान्सफॉर्मर आणि रेझिस्टर काही भार खातात, पण दुप्पट ड्राइव्हला पुरी पडेल एवढी ढिलाई त्यांच्यात नसते. माझे इनपुटचे रेझिस्टर काळे पडले आणि दोन्ही मॉस्फेट शॉर्ट झाले.

म्हणून पहिला नियम: बाहेरची बॅटरी लावण्याआधी रेडिओची पॉवर मेनूत जाऊन कमी कर, आणि त्या आकड्यावरही भिस्त ठेवू नकोस. रेडिओ आणि अ‍ॅम्पच्या मध्ये वॉटमीटर लावून प्रत्यक्ष मोज. १ वॉटपासून सुरू कर.

पासोड्या

मीटरबँड काकांनी सांगितलेलं मेनूतलं सेटिंग माणूस कधीतरी विसरतोच. गडावर, वाऱ्यात, बोटं गारठलेली असताना तर नक्कीच. त्यामुळे मी इनपुटलाच ३ डीबीचा पॅड (पॉवर निम्मी करणारी रेझिस्टरांची जोडणी) बसवायच्या मताचा आहे. १० वॉट आले तरी पुढे ५ च जातात.

पाय (π) आकाराचा पॅड, ५० ओहमसाठी: दोन्ही बाजूंना जमिनीकडे २९२ ओहम आणि मध्ये १७.६ ओहम. हे आकडे बाजारात मिळत नाहीत, पण ९१० चे तीन समांतर जोडले की ३०३ होतात आणि ५६ चे तीन समांतर १८.७. एवढी जवळीक पुरे. आता वॉट पाहा, कारण चूक इथेच होते. १० वॉट आत गेले तर पॅड ५ वॉट खातो: पहिल्या उभ्या रेझिस्टरमध्ये सुमारे १.७, मधल्यात २.४, शेवटच्यात ०.९. प्रत्येक तुकडा २ वॉटचा घेतला तर भरपूर राखीव राहते. वायरवाउंड अजिबात घेऊ नका, ती कॉइलच असते. पुण्यात पासोड्या विठोबाच्या गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मेटल ऑक्साइड म्हणून मागा.

पॅड शक्यतो पेटीच्या आत, रिलेनंतर (पाठवणं-ऐकणं बदलणारा विजेचा स्विच) बसवा, म्हणजे तो फक्त पाठवताना मध्ये येईल. बाहेर केबलमध्ये बसवलात तर ऐकतानाही ३ डीबी जातात. ४० मीटरवर वातावरणाचा गोंगाटच एवढा असतो की ऐकण्यात फरक कळणार नाही, पण अ‍ॅम्प बंद ठेवून नुसत्या ५ वॉटवर बोलायचं ठरवलं तर हवेत अडीचच जातील.

त्याच फेरीत १ किलोओहमचे वीस रेझिस्टर घ्या. सगळे समांतर जोडले की बरोबर ५० ओहम, म्हणजे डमी लोड तयार. २ वॉटचे घेतले तर ४० वॉट अखंड आणि थोड्या सेकंदांसाठी ५० सहज झेलतो. अँटेना लावून पहिली चाचणी कोणीही करू नये. इतरांच्या गप्पांवर आपली शिट्टी नको, आणि अँटेना बिघडलेली असेल तर दोष अ‍ॅम्पचा की तारेचा हेही कळत नाही.

गडवाटा

पासोड्या दादा, एवढे आकडे दिल्याबद्दल मनापासून आभार. पॅड बनवतो.

पीटीटीचं मात्र कळत नाही. अ‍ॅम्पवर "ऑटो" असाही स्विच आहे. आरएफ (रेडिओचा सिग्नल) आला की आपोआप पाठवण्यावर जातो म्हणे. मग वेगळी केबल कशाला?

मीटरबँड

ऑटो म्हणजे आत छोटा डायोड डिटेक्टर आहे. सिग्नल आला हे त्याला कळतं, मग तो रिले ओढतो. पण रिलेला बंद व्हायला काही मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्यात रेडिओची पॉवर आलेली असते. दर वेळी संपर्क पॉवर चालू असताना जुळतात, ठिणगी पडते आणि ते हळूहळू जळतात. त्या क्षणी रेडिओला धड लोडही दिसत नाही. एसएसबीत शब्दांच्या मध्ये थांबलास की रिले सुटतो, पुन्हा ओढला जातो, आणि प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर खाल्लं जातं. मोर्समध्ये पहिला डिट जातो.

केबल असली की क्रम नीट लागतो: आधी रिले, मग आरएफ. ७०५ च्या बाजूला सेंड/एएलसीचा छोटा जॅक आहे. कोणता पिन सेंडचा ते मॅन्युअलमधल्या आकृतीत पाहूनच सोल्डर कर, अंदाजाने नको. आणि रिलेची कॉइल त्या पिनवर थेट टांगू नकोस. मध्ये एक ट्रान्झिस्टर घाल आणि कॉइलवर उलटा डायोड लाव. रिले सुटताना कॉइल उलट दिशेला मोठा व्होल्टेज फेकते. तो रेडिओत शिरला तर नुकसान रेडिओचं, आणि रेडिओ अ‍ॅम्पच्या कित्येक पट महाग आहे. मेनूतला टीएक्स डिले (पॉवर सोडण्याआधीचा थांबा) थोडा वाढवलास की रिलेला अवधी मिळेल.

यासूचा एफटी-८१७ किंवा ८१८ रेडिओ असलेल्यांनी मागचा एसीसी सॉकेट पाहावा. त्यात पाठवण्याची खूण तर आहेच, शिवाय बँडप्रमाणे बदलणारा व्होल्टेज मिळतो: ४० मीटरला १ व्होल्ट, २० मीटरला १.६७, असा साधारण एकतृतीयांशाच्या पायरीने. त्यावर अ‍ॅम्पचे फिल्टर आपोआप बदलता येतात. मला ही सोय फार आवडते, कारण हाताने फिरवायचा फिल्टर स्विच ही या सगळ्या जोडणीतली सर्वांत धोक्याची जागा आहे.

एडिसनकर

काकांचं शेवटचं वाक्य उचलून पुढे सांगतो. मी न्यू जर्सीत असतो, मूळचा सांगलीचा.

अ‍ॅम्प मूळ सिग्नलसोबत त्याच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सीही (हार्मोनिक) बाहेर टाकतो. ७.१ मेगाहर्ट्झची दुप्पट १४.२, तिप्पट २१.३, चौपट २८.४. तिन्ही आकडे आपल्याच हॅम बँडांत पडतात, म्हणजे घाण आपल्याच भाऊबंदांच्या दारात. पुश-पुलमुळे सम हार्मोनिक बरेच दबतात, पण दोन मॉस्फेट हुबेहूब सारखे नसतात, आणि तिसरा हार्मोनिक तर जोरातच असतो. त्याला फक्त लो-पास फिल्टर अडवतो. समजा तुम्ही ७ वर आहात आणि स्विच २० मीटरवर राहिला: १४.२ बिनदिक्कत अँटेनात जातो. आता उलटं समजा, रेडिओ १४ वर आणि स्विच ४० वर: फिल्टर सगळी पॉवर परत मॉस्फेटवर ढकलतो, आणि तेव्हा मॉस्फेट काही सेकंदांचेच सोबती.

इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या, नियमात ३० मेगाहर्ट्झखालच्या अ‍ॅम्पसाठी अशी घाण मूळ सिग्नलपेक्षा किमान ४३ डीबी खाली हवी. ५० वॉटला तो आकडा अडीच मिलिवॉट होतो. भारतात तुमच्या लायसन्सच्या अटी लागू होतील. त्या वाचाच, विशेषतः पॉवरची मर्यादा, कारण रेस्ट्रिक्टेड आणि जनरल ग्रेडला ती वेगवेगळी आहे. ५० वॉट म्हणून विकलेली पेटी जोरात चालवली तर ६०-६५ ही देते, हे ध्यानात असू द्या.

ओळखीच्या कोणाकडे टायनीएसए (छोटा स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर) असेल तर अ‍ॅटेन्युएटर लावून एकदा डमी लोडवर तपासून घ्या. कागदपत्र नसलेल्या पेटीवर मी तरी तेवढ्याशिवाय विश्वास टाकला नसता.

टिकटिक

मी जास्त करून एफटी८ (संगणकावरून चालणारी डिजिटल पद्धत) आणि मोर्सवर असते, म्हणून उष्णतेबद्दल लिहिते.

एसएसबीत आवाज चढ-उतार करतो. ५० वॉट शिखराला असले तरी सरासरी बरीच खाली राहते. साधा वॉटमीटर १५-२० दाखवेल. ते पाहून माइक गेन वाढवू नका, सिग्नल फाटेल आणि शेजारचे त्रासतील. एफटी८ मात्र १२.६४ सेकंद सलग पूर्ण पॉवर देतो, मग थोडी विश्रांती, पुन्हा १२.६४ सेकंद. ५० वॉट बाहेर काढताना जवळजवळ तेवढीच उष्णता आत तयार होते. मी एफटी८ ला ५० च्या अ‍ॅम्पमधून २० वॉटच काढते. ज्यांच्याशी बोलायचं ते तेवढ्यातही होतं.

पेटी उघडाल तेव्हा मॉस्फेट हीटसिंकला कसे बसवलेत ते पाहा. आयआरएफ कुळातल्यांचा धातूचा टॅब ड्रेन असतो, म्हणजे त्यावर बॅटरीचा व्होल्टेज असतो, म्हणून खाली अभ्रकाची किंवा सिलिकॉनची चकती हवीच. आरडी१६एचएचएफ१ सारख्यांचा टॅब सोर्स असतो, तो थेट हीटसिंकवर आवळता येतो आणि उष्णता चांगली उतरते. आधीच्या मालकाने मॉस्फेट बदलले असतील तर इथे गफलत झालेली असू शकते.

दुसरं म्हणजे बायस (मॉस्फेटच्या गेटला कायम दिलेला थोडा व्होल्टेज). पीटीटी दाबून, ड्राइव्ह न देता, करंट किती जातो ते मोजा आणि तीन-चार मिनिटं बघत राहा. एसएसबीसाठी थोडा करंट हवाच, नाहीतर बारीक आवाज तुटतात. पण मॉस्फेट तापला की तोच करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतो. चांगल्या पेटीत एक डायोड हीटसिंकला चिकटवलेला असतो, तो तापमानाप्रमाणे बायस खाली आणतो. आकडा स्थिरावत नसेल तर तशी पेटी वापरू नका.

मायक्रोबिटेक्सप्रेमी

थोडं वेगळं. माझ्याकडे हैदराबादच्या अशर फरहान यांनी आखलेला मायक्रोबिटेक्स रेडिओ आहे. तो खालच्या बँडवर १० वॉटच्या आसपास देतो आणि वर जाल तसा उतरतो. म्हणजे ४० मीटरला ड्राइव्ह जास्त, १० मीटरला कमी. माझ्यासारख्यांनी पॅड ४० मीटरच्या आकड्यावर ठरवावा. वरच्या बँडवर कमी मिळेल ते मिळेल.

आडवी तार

सगळ्यांनी अ‍ॅम्पबद्दल उत्तम लिहिलंय, पण गडवाटाचा मूळ प्रश्न अ‍ॅम्पने सुटेल असं मला वाटत नाही, आणि हे मी कळकळीने सांगतेय.

५ चे ५० वॉट म्हणजे १० डीबी. एस-मीटरचा एक घर ६ डीबीचा धरला तर पलीकडच्या माणसाला दोन घरंसुद्धा पूर्ण वाढ दिसणार नाही. आता ४० मीटरवरची दोन मीटरची व्हिप घ्या. अर्ध्या तरंगलांबीची तार २० मीटर लागते तिथे दोन मीटर, बाकी सगळं कॉइल. पाच वॉटपैकी बरेचसे त्या कॉइलमध्ये आणि कोरड्या कातळात जिरतात. साध्या डायपोलच्या (मधोमध केबल जोडलेली तीच अर्ध्या तरंगलांबीची तार) तुलनेत १० डीबी आणि त्याहूनही जास्त नुकसान सहज होतं. जो फायदा अ‍ॅम्प, बॅटरी आणि चार किलो वजनाने मिळवायचाय, तो वीस मीटर तारेत आहे.

शिवाय व्हिप उभी असते, तिची ताकद क्षितिजाकडे जाते. पुणे, नाशिक, कोल्हापूर म्हणजे शे-दोनशे किलोमीटर. तिथे पोचायला सिग्नल जवळजवळ सरळ वर जाऊन आयनोस्फिअरवरून खाली यायला हवा. त्यासाठी तार आडवी आणि खाली हवी. मधोमध सहा-सात मीटरचा फायबरचा दांडा आणि दोन्ही टोकं झुडपांना बांधलेली, पुरे. पहाटे आयनोस्फिअर अजून तयार नसतो, तेव्हा ७ मेगाहर्ट्झ वरून परतच येत नाही, आरपार जातो. त्या वेळी ५०० वॉटही कामाचे नाहीत. ऊन वर येईपर्यंत थांबायचं.

गडवाटा

ताई, पटतंय. पण गडावर वाऱ्यात दांडा उभा राहत नाही, आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या पायात तार येते.

आडवी तार

म्हणून माथ्यावरच्या गर्दीपासून दूर, खालच्या माचीवर जा. दांडा बुरुजाला किंवा तटाला बांधू नका. ते संरक्षित बांधकाम असतं, दगडाला खिळा-दोरी काही नको. तीन दोऱ्यांनी जमिनीवरच तोलून धरता येतो. टोकांना भडक रंगाच्या चिंध्या बांधा, माणसं वळून जातात. पावसाळ्यात ढग दाटले की सगळं उतरवून खाली या, तिथे चर्चा नाही.

मीटरबँड

आडवी तार यांचं शंभर टक्के बरोबर. मीही अ‍ॅम्प जळल्यानंतरच तारेकडे वळलो. तरी ५० वॉटची जागा आहे. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाच्या कडकडाटाने ४० मीटरचा गोंगाट चढतो, तेव्हा पलीकडच्याला १० डीबी म्हणजे ऐकू येणं आणि न येणं यातला फरक असतो.

बॅटरीचं राहिलं. ५० वॉटसाठी शिखराला आठ-नऊ अँपिअर धर. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्टची २० अँपिअर-तासांची बॅटरी अडीच किलोच्या आसपास भरते आणि सकाळभर पुरते. वायरीत कसूर करू नकोस. दोन मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर तांबं. १ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १० अँपिअरला पाऊण व्होल्ट पडतो, २.५ च्या वायरीत ०.३. फ्यूज बॅटरीच्या टोकाशीच. रेडिओला बॅटरीपासून वेगळी वायर, अ‍ॅम्पच्या वायरीतून फाटा नको, नाहीतर प्रत्येक शब्दाला रेडिओचा व्होल्टेज डुचमळतो.

अँटेना ट्यूनर वापरत असशील तर तो अ‍ॅम्पच्या पुढे, अँटेनाच्या बाजूला लागतो, आणि ५० वॉट पेलणारा हवा. क्यूआरपी (कमी पॉवरच्या) रेडिओसाठी विकले जाणारे बरेच छोटे ट्यूनर १०-२० वॉटचेच असतात.

गडवाटा

तीन आठवड्यांनी लिहितोय, क्षमस्व. काय काय झालं ते सांगतो.

पेटी उघडली. मॉस्फेट आयआरएफचेच, एका खालची चकती चिरलेली होती, बदलली. पॅड आत बसवला, सेंडची केबल ट्रान्झिस्टरसह केली. डमी लोडवर रेडिओचे १० वॉट दिले तर पॅडनंतर ४.८ मोजले, बाहेर ४२. बायसचा करंट चार मिनिटांत थोडा वाढून स्थिरावला.

काल माचीवर गेलो. आधी डायपोल आणि नुसते ५ वॉट, अ‍ॅम्प पिशवीतच. साडेनऊच्या सुमारास हाक मारली. कोल्हापूरच्या स्टेशनने पहिल्याच वेळी पूर्ण कॉलसाइन परत वाचली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. नंतर नाशिक आणि पुण्याचे दोघे मिळाले. दुपारी गोंगाट वाढल्यावर अ‍ॅम्प जोडला. जो आधी मला ३-३ देत होता त्याने ५-५ दिलं.

एकच त्रास: अ‍ॅम्प चालू असताना आवाज फाटका येतो असं दोघांनी सांगितलं. माइकच्या वायरीला हात लावला की फाटणं बदलतं. डमी लोडवर असं होत नाही.

पासोड्या

हात लावल्यावर बदलतंय म्हणजे आरएफ कोॲक्सच्या (अँटेनाच्या केबलच्या) बाहेरच्या जाळीवरून परत येऊन माइकमध्ये शिरतोय. पाच वॉटला तो होताच, फक्त जाणवत नव्हता. डायपोलच्या मधल्या जोडाशी कोॲक्सचे दहा-बारा वेढे ४३ क्रमांकाच्या फेराइट रिंगवर घ्या. दुसरा छोटा फेराइट माइकच्या वायरीवर, रेडिओच्या अगदी जवळ. रेडिओ आणि अ‍ॅम्पमधली केबल अर्धा-एक मीटरच ठेवा.

गडवाटा

रिंग मागवली आहे. या रविवारी पुन्हा त्याच माचीवर, सकाळी नऊनंतर ४० मीटरवर असेन. आधी ५ वॉटवर हाक मारीन, ऐकू आलं तर कृपया आवाज कसा येतोय ते नक्की सांगा. मग अ‍ॅम्प लावून पुन्हा विचारीन. ७३ (हॅम भाषेत शुभेच्छा).

आडवी तार

मी भोरहून ऐकत असेन. दोन्ही वेळा रेकॉर्ड करून इथे टाकते. ७३.